तोफेचा घास

मु. सावंगी (तोफेची),
ता. समुद्रपूर, जि. वर्धा
२५ फेब्रुवारी २०२६

आदरणीय जमीलभाई यांस,

धर्मेंद्रचा सलाम, आणि सरिता व मुलांचा रामराम. रमजान मुबारक. आज सातवा रोजा, म्हणजे मुबारक म्हणायला सात दिवस उशीरच झाला. खरा उशीर त्याहून मोठा आहे. तुम्ही गाव सोडल्याला पावणेआठ वर्षं होत आली आणि हे माझं पहिलं पत्र.

फोन तुम्ही उचलत नाही. मागच्या ईदला केला तर तुमची नसीम म्हणाली, "चाचा, अब्बा नमाजला गेलेत." तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. कोणती नमाज ते मी विचारलं नाही. जन्मभर तुमच्या भिंतीला भिंत लावून राहिलेल्या माणसाला तिने जरा बरी थाप मारायला हवी होती. असो. हर्णैला लेकीकडे तुमचं बरं चाललं असेल असं समजतो.

इकडे सगळं ठीक. सरिताचे गुडघे कुरकुरतात, पण ती स्वतः त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत चांगली आहे. दुकान आता अंकित बघतो. फटाक्यांचा परवाना अजून माझ्याच नावावर आहे. माझ्या आचलची मुलगी दुसरीत गेली. तिला पाहिलं की तुमची आठवण येते. का येते ते एवढ्यात विचारू नका.

पत्राचं कारण असं. अंकित या खेपेला ग्रामपंचायतीत निवडून आला आहे, आणि त्याच्या डोक्यात तोफ शिरली आहे. चौथरा दुरुस्त करायचा, तोफेला चंदेरी रंग द्यायचा, बाजूला बाक टाकायचे. मी म्हटलं, "अरे, ती काय सायकल आहे का?" रंगाचं खूळ काढून टाकलं, पण एक पाटी लावायची आहे. तोफ गोलंदाजांच्या, म्हणजे तुमच्या घराची, तेव्हा तुमची संमती हवी. पाटीचा मजकूर मी केला आहे. तुमच्या आईच्या, रहमतखालांच्या तोंडून लहानपणी जसा ऐकला तसा. चूक असेल ती दुरुस्त करून पाठवा.

"ही पितळी तोफ जहाजावरची आहे. सुरतेहून हाजींना घेऊन जाणाऱ्या जहाजावर तिला दोन कामं होती. चाचे आले तर मारा करायचा, आणि रमजानात सूर्य बुडाला की एक बार काढून रोजा सोडायची वर्दी द्यायची. एका रमजानात फिरंगी गलबतं मागे लागली. तोफेवरचा गोलंदाज रोजेदार होता. माझा हात खाली आल्याशिवाय बत्ती द्यायची नाही, असं जहाज हाकणाऱ्या मालिमाने त्याला बजावलं होतं. दिवसभराच्या तहानेने त्याचा धीर सुटला. हात वर असतानाच त्याने बत्ती दिली. गोळा शत्रूच्या अलीकडे पाण्यात पडला, पुन्हा ठासायला वेळ मिळाला नाही, आणि जहाज खडकाला लागून फुटलं. वाचलेला गोलंदाज ओहोटीला बाहेर काढलेली ही तोफ घेऊन नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीला निघाला. सावंगीच्या काळ्या मातीत गाड्याचा कणा मोडला आणि तो इथेच राहिला. त्याने दोन नेम घालून दिले. ही तोफ पुन्हा गोळा टाकणार नाही, फक्त इफ्तारची वर्दी देईल. आणि उपाशी हात तिला पुन्हा बत्ती देणार नाही. म्हणून बत्तीचा मान रोजा नसलेल्या शेजारघरी, दारूगोळ्याच्या व्यापाऱ्याकडे गेला. बत्ती देण्याआधी त्याने गोलंदाजांच्या घरच्या बाईच्या हातचा वाटीभर तूप-साखर-भात तोफेपुढे खायचा, असा रिवाज पडला."

इथपर्यंत लिहून थांबलो. अंकित म्हणाला, "बाबा, बंद कवा झाली ते बी टाका ना." मी म्हटलं, पाटीवर जागा नाही.

त्या दिवसाबद्दल तुम्हाला नव्याने काय लिहायचं? २०१८ सालचा बारावा रोजा, आंधी आली, मशिदीच्या गच्चीवर, सूर्य बुडाल्याची खूण म्हणून तुम्ही वर करायचा तो झेंडा मला दिसला आणि मी बत्ती दिली. वाऱ्याने बांबू उचलला असेल. तुमचा दोष नाही, असं मी तेव्हाही चारचौघांत म्हणालो होतो.

आणखी एक गोष्ट आहे. लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. माझ्या कानांत बिघाड झालाय की काय कोण जाणे, पण पहिल्या रोज्यापासून संध्याकाळी मला तोफेचा आवाज येतो. मोठा नाही. नदीपलीकडे कोणी बार काढावा तेवढा. पहिल्या दिवशी वाटलं, लग्नाचे फटाके असतील. दुसऱ्या दिवशी घड्याळ पाहिलं. सूर्यास्ताला नऊ मिनिटं होती. तिसऱ्या दिवशीही नऊच. दुकानात गिऱ्हाईक उभं असतं, त्याला काही ऐकू येत नाही. पण चौथऱ्यामागच्या वडावर बगळे असतात ना, ते सगळे एकदम उडतात.

काल चौथऱ्यावर जाऊन आलो. तोफेला घाम आलाय. तो तर दर रमजानात येतो, खारट, तुम्हाला माहीत आहे. लहानपणी तुम्हीच मला पैज लावून चाटायला लावला होता. नवीन आहे ते दुसरंच. जाताना तुम्ही तोफेच्या कानात, बत्ती द्यायच्या भोकात, जो खिळा ठोकला होता, गाडीच्या कण्याचा, तीन बोटं लांब, पार माथ्यापर्यंत बसवलेला, त्याचा माथा बोटभर वर आलाय.

पोरांनी काढायचा प्रयत्न केला असेल. तोफेच्या तोंडाखाली चिमण्या काहीतरी टिपत होत्या, त्यांना हाकललं आणि घरी आलो.

संमतीचं तेवढं कळवा. रागावला असाल तर रागाने कळवा.

तुमचा शेजारी,
धर्मेंद्र


सावंगी
६ मार्च २०२६

जमीलभाई,

सलाम. तुमचं उत्तर नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. तो म्हणाला, "काका, आता पत्र कोन लिहिते?" मी म्हटलं, मी लिहून राह्यलो ना.

होळी झाली, पुरणपोळी झाली. यंदा ऊन लवकर तापलं आहे. सरिता म्हणते मी बारीक झालो. जेवतो मी, दोन्ही वेळा जेवतो. संध्याकाळी तर पाचलाच जेवून घेतो आणि चौथऱ्यावर जाऊन बसतो. अंकितला ते आवडत नाही. काल बोललाच, "बाबा, तुमी काऊन रोज तिथं जाऊन बसून राह्यले? लोक पुसून राह्यले मले."

खिळा आता दोन बोटं वर आहे. पोरांचं काम नाही हे. मी स्वतः पक्कड लावून ओढून पाहिला, हलत नाही. हातोड्याने खाली ठोकून पाहिला, खाली जात नाही. रोज जरासा वर येतो, मोजून जवाएवढा. आवाज झाला की येतो.

सून रक्षा हिला आवाज ऐकू येत नाही, पण परवा तिने विचारलं, "मामंजी, रोज या टायमाले मांडनीवरची भांडी कायले वाजते?" मी म्हटलं, मालगाडी जात असेल. ती म्हणाली, "आपल्या गावाजोळून गाडी कुठून आली?" शिकलेली सून आणली की हे असं होतं.

आणि चिमण्या काय टिपतात ते मी वाकून पाहिलं. भाताची शितं आहेत, जमीलभाई. जळकी. तोफेच्या तोंडाखालच्या दगडावर, रोज आवाज झाल्यावर. आज सात होती, ती मी रुमालात बांधून आणली. आता हे लिहिताना रुमाल समोर आहे. बारूदचा वास येतो.

मागच्या पत्रात मी एक वाक्य लिहिलं होतं, ते खोटं होतं. झेंडा मला दिसला नव्हता.

धुळीत मशीदच दिसत नव्हती तर झेंडा कुठून दिसणार? मे महिन्याचे अखेरचे दिवस, दुपारी सत्तेचाळीस डिग्री. साडेसहाला पश्चिमेकडून पिवळी आंधी उठली आणि दिवस असून नसल्यासारखा झाला. चौथऱ्यापुढे सगळं गाव खजूर हातात धरून बसलेलं. रहमतखाला तोफेच्या डाव्या अंगाला खाटेवर. सत्तरी उलटलेली, साखरेचा आजार, डॉक्टर रोजा नको म्हणालेले, आणि त्या म्हणत होत्या की डॉक्टरला काय विचारायचं, तो माझ्या वयाचा झाला की सांगेल. तोंडाला पदर धरून त्या मला म्हणाल्या, "धरम, किती वेळ हाय रे अजून?" त्यांच्या ओठांवर पापुद्रे आले होते. माझ्या मनगटावरच्या घड्याळात सहा बेचाळीस झाले होते. सूर्यास्त सहा एक्कावन्नचा. मला ते बघवलं नाही. मी बत्ती दिली.

पुढचं तुम्ही गच्चीवरून पाहिलं आहे, मी खालून पाहिलं. लोकांनी खजूर तोंडात घातले, पाणी प्यायले. आणि आंधी आली तशी गेली. पश्चिमेला कपाशीच्या पऱ्हाटीच्या ढिगावर सूर्य उभा होता. लालबुंद, हातभर वर. तोंडातला घास तोंडात, हातातलं पाणी हातात, आणि सगळं गाव त्याच्याकडे बघत बसलं. तो बुडायला नऊ मिनिटं लागली. मी पुष्कळ मयती पाहिल्या, पण एवढी शांतता कधी ऐकली नाही.

मग सगळ्यांच्या वतीने युनूसहाजींनी मला विचारलं, "सेठ, झेंडा दिसला होता काय?" आणि मी हो म्हणालो.

तुम्ही गच्चीवरून उतरून आलात. सगळ्यांसमोर म्हणालात, "वाऱ्यानं बांबू हातातून वर गेलता. झाला असन माह्याकडून." तुम्ही माझ्या खोट्याला स्वतःच्या तोंडाने दुजोरा दिला, तुम्हाला माहीत नसताना. मी तिथेच तुमच्या शेजारी उभा होतो. मौलानांनी सांगितलं की न कळत खाल्लं त्याचं पाप नाही, ईदनंतर सगळ्यांनी एक रोजा पुन्हा करावा. सगळ्यांनी केला. रहमतखाला ईदच्या आठवडाभर आधीच गेल्या, त्यांचा तो राहून गेला. मय्यतीहून येऊन तुम्ही घण उचललात आणि तोफेचा कान बुजवलात.

आता खरं लिहिलं. म्हातारीची तहान बघवली नाही म्हणून चूक झाली, एवढंच. यात कोणाच्या मनात वाईट नव्हतं. तुम्ही समजून घ्याल.

हे लिहिल्यावर हलकं वाटेल असा माझा अंदाज होता. लिहिता लिहिता सहा बारा झाले आणि आवाज झाला. नदीपलीकडून नव्हे. दुकानाच्या पाठीमागून.

तुमचा,
धर्मेंद्र


सावंगी
१६ मार्च २०२६, सोमवार

जमीलभाई,

तुमचं कार्ड शनिवारी मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, डावीकडे झुकलेलं. दोनच ओळी लिहिल्या तुम्ही:

"आवाज इकडेही येतो. समुद्राकडून, मगरिबच्या नऊ मिनिटं आधी, आठ वर्षं झाली, बाराही महिने. मी समजत होतो की माझ्या गुन्ह्याचा आहे, म्हणून कोणाला सांगितलं नाही."

कार्ड वाचून मी दुकानाच्या पायरीवर बसलो. रक्षाने पाणी आणलं ते हातात धरून बसलो. आठ वर्षं! मला एका महिन्यात वेड लागायची पाळी आली, आणि तुम्ही आठ वर्षं समुद्राकाठी रोज संध्याकाळी तो बार ऐकता आणि मान खाली घालून नमाजला उभे राहता. माझं दुसरं पत्र तोवर तुम्हाला मिळालेलं नव्हतं, हे तारखेवरून दिसतं. मिळालं असतं तरी काय? तेही पुरतं खरं नव्हतं. त्यातही मी स्वतःला दयाळू करून घेतलं होतं.

आज सोमवार आहे, आणि मी पोटभर जेवून हे लिहायला बसलो आहे. आधी हे सांगतो, कारण सगळं त्यातच आहे.

त्या दिवशीही सोमवार होता. धोंड्याचा महिना चालू होता. आचल नागपूरला दवाखान्यात, सातव्या महिन्यातच कळा सुरू झालेल्या, डॉक्टरांनी आई आणि मूल दोन्हींची हमी दिलेली नव्हती. मी महादेवापुढे बोललो होतो की धोंड्याचे सगळे सोमवार पाण्याच्या थेंबाशिवाय काढीन आणि दिवेलागणीलाच तोंड उघडीन. हे सरितालाही सांगितलं नव्हतं. नवस बोलून दाखवला की फळत नाही, असं माझी आई म्हणायची. अंकित परीक्षेला बाहेरगावी, वडील गेलेले. बत्तीला आमच्या घरातलं दुसरं कोणी नव्हतं. मला सांगता आलं असतं की आज माझा उपास आहे, आज बार नको, नुसत्या अजानीवर रोजा सोडा. एक दिवस तोफ वाजली नसती तर काय बिघडलं असतं? पण मान माझा होता ना! आणि ती जहाजाची गोष्ट म्हणजे म्हाताऱ्यांनी पोरांना सांगायची गोष्ट, असं मी धरून चाललो होतो.

रहमतखालांनी नेहमीसारखी वाटी दिली. "धरम, खाऊन घे पह्यले. हे तोफ उपाशी हात ओळखते." दरवर्षी हेच म्हणायच्या, आणि मी दरवर्षी म्हणायचो, "खाला, हिला भूक कळते तर हिलाच चारा." त्या दिवशी मी तेच केलं. वाटी घेऊन तोफेच्या पुढच्या अंगाला गेलो. बारूद भरून, चिंध्या ठासून झाल्या होत्या. इकडे तिकडे पाहिलं आणि वाटीतला भात तोफेच्या तोंडात ओतला. रिकामी वाटी त्यांच्या हातात दिली आणि मिशीवरून हात फिरवला.

खालांची तहान मला दिसलीच नव्हती, जमीलभाई. त्यांनी वेळ विचारली हे खरं. पण मला त्या वेळी त्यांच्या खाटेशेजारचा माठ दिसत होता. त्यावरून पाण्याचा एक ओघळ खाली येत होता, मी त्या ओघळाकडे बघत होतो. जीभ टाळूला चिकटली होती, डोक्यात घण पडत होते. धुळीने अंधारलं, आणि माझ्या मनाने मला सांगितलं की दिवेलागण झालीच आहे, कोण बघतंय? घड्याळ मी पाहिलं होतं. नऊ मिनिटं आहेत हे मला ठाऊक होतं. ती मला काढवली नाहीत. धूर विरायच्या आधी माठात गडवा बुडवणारा पहिला माणूस मी होतो. गावाने नंतर प्यायलं.

आचल सुखरूप सुटली. मुलगी झाली. माझा नवस फळला. म्हणून तिला पाहिलं की तुमची आठवण येते.

आता शेवटचं, आणि हे लिहायलाच माझा हात सगळ्यात जास्त मागे सरतो. खाला जाण्याआधी दोन दिवस त्यांनी मला बोलावलं होतं. तुम्ही औषध आणायला हिंगणघाटला गेला होतात. खोलीत त्या आणि मी. त्यांनी उशीखालून ओढणीचं टोक काढलं, गाठ सोडली आणि माझ्या तळहातावर काहीतरी ओतलं. जळकी शितं.

"बार झाला तवा वाऱ्यानं उलटी येऊन माह्या अंगावर पडली. धरम, भात कोनाले चारला रे तू?"

मी शितं मुठीत झाकली.

"तुह्या पोटात काई नव्हतं," त्या म्हणाल्या. "पोरीसाठी धरला असन उपास. मले सांगाले काय झालतं? म्या दुवा केली असती, अन् बत्तीले सुट्टी देली असती."

मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, खाला, जमीलभाईंना काही सांगू नका.

"म्या नाई सांगत. माह्या तोंडून गेलं तं चुगली होते. तूच सांगजो." मग बराच वेळ त्यांना धाप लागली होती. मी निघताना परत म्हणाल्या, "पन सांगजो बाप्पा. माहा लेक लय हळवा हाय. तो ते वझं घेऊन जाईन कुठं बी."

मी हो म्हणून आलो. आणि तुम्ही ते ओझं घेऊन गेलात, थेट समुद्रापर्यंत. ज्या दिवशी तुमचं सामान टेम्पोत चढत होतं त्या दिवशी मी दोऱ्या बांधायला मदत केली. गाठी पक्क्या मारल्या.

मी तुमचा गुन्हेगार आहे. वाऱ्याचा, आंधीचा, झेंड्याचा काही संबंध नाही. तुमचा बांबू वर गेला की नाही हे देव जाणे, पण मी तो पाहिला नाही. तुमच्या आईचा रोजा माझ्या तहानेने मोडला आणि तुमचं नाव माझ्या जिभेने गेलं.

खिळा कालच्या आवाजाला निघून पडला. मी बघत होतो. शेवटचं जवभर वर आला, कलंडला आणि चौथऱ्यावर पडून माझ्या पायापाशी घरंगळत आला. ओला होता. कानाच्या भोकातून आत पाहिलं, काही दिसलं नाही. कान लावला, तर आत पाणी हलल्यासारखं वाटलं. मी समुद्रापासून सातशे किलोमीटरवर काळ्या मातीत उभा होतो.

एवढं सकाळी लिहिलं.

पुढचं चौथऱ्यावर बसून लिहितो आहे, संध्याकाळचे सहा वाजून पाच मिनिटं.

उतरत्या दुपारच्या असरच्या नमाजेनंतर मी मशिदीच्या पायरीवर उभा राहिलो आणि वरचं पत्र पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचून दाखवलं. आधी तुम्हाला लिहिलं, मग गावाला वाचलं. खालांनी तुम्हालाच सांगायला सांगितलं होतं, तो क्रम मोडला नाही. एक नक्कल युनूसहाजींकडे दिली आहे. तुम्ही हे न वाचता फाडलं तरी गावाने ऐकलेलं आहे. अंकित मागे उभा होता. त्याचं तोंड उतरलं, पण तो निघून गेला नाही.

मला वाटलं होतं कोणी मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. युनूसहाजी काठीवर हनुवटी टेकून एवढंच म्हणाले, "आठ वरीस, सेठ? आठ वरीस आमी त्याच्या घरावरून मान फिरवून जात राह्यलो." मग ते उठले, तुमच्या बंद घरापाशी गेले आणि ओट्यावर साचलेला पाचोळा हाताने बाजूला करू लागले. वाकता येत नाही त्यांना. दोघंतिघं मदतीला गेले. मी गेलो नाही. मला तो हक्क नाही.

सहा सोळा झाले.

आवाज झाला. खोटं आता लिहीत नाही, म्हणून हेही खरं लिहितो. मनात आशा होती की आज होणार नाही. झाला, आणि आजवरचा सगळ्यात मोठा, माझ्या मांडीखालचा दगड हलला. पण या खेपेला बगळे जागचे हलले नाहीत. खाली युनूसहाजींच्या अंगणात इफ्तारची ताटं मांडत होते, त्यातलं एक भांडंही वाजलं नाही. तोंडाखालच्या दगडावर शितं नाहीत. आवाज आता फक्त मला येतो.

येऊ दे. तो माझाच आहे. अजानीला नऊ मिनिटं आहेत, ती मी इथेच बसून काढतो आहे. पुढ्यात पाण्याचा गडवा आहे, त्याला हात लावलेला नाही. उद्याही बसेन, ईदनंतरही बसेन.

अजान झाली.

जमीलभाई, माफी मागत नाही. तुम्ही यावं असंही म्हणत नाही, घर झाडून ठेवलंय एवढं सांगतो. खिळा या पाकिटात घातला आहे. तो तुमच्या हातचा आहे, समुद्रात टाकायचा की घेऊन परत यायचं ते तुम्ही ठरवा. मला फक्त एक कळलं पाहिजे, तुमच्याकडचा बार थांबला का. हे पत्र वाचाल त्या संध्याकाळी, मगरिबच्या नऊ मिनिटं आधी, किनाऱ्यावर जाऊन उभे राहा. आवाज आला तर तुम्हाला हवं ते मला लिहा. आला नाही तर काहीही लिहू नका, नुसतं एक कोरं कार्ड पोस्टात टाका.

मी पोस्टमनची वाट बघतो.

उपाशी हातांचा,
धरम